ठोसरांच्या दाराच्या तीन बेल

ठोसरांच्या दाराला तीन बेल आहेत, आणि तिन्ही उपटून त्यांच्या हातात द्याव्यात असं मला महिन्यातून एकदा तरी वाटतं.

पुण्यात वारज्याला आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. मधे चार पावलांचा पॅसेज. त्यामुळे बेल त्यांच्या असल्या तरी ऐकायच्या आम्ही. डावीकडच्या बटणाखाली पट्टी आहे, ‘माल व कुरिअर’. मधल्याखाली, ‘स. वा. ठोसर यांच्याकडे’. उजवीकडच्याखाली, ‘मालती ठोसर यांच्याकडे’. माल आला की एक चिमणी जिवाच्या आकांतानं ओरडते. ठोसरांकडे कोणी आलं की शाळा सुटल्यासारखी घणघण होते. तिसरीचा आवाज मात्र साधा आणि गोड आहे, टिंग-टाँग. पण तो ऐकू येतो फक्त पहिल्या तारखेला, कारण त्या सकाळी ठोसर तिन्ही बेलचे सेल बदलतात आणि एकेक वाजवून बघतात. एरवी तिसरी बेल वाजतच नाही. न वाजणाऱ्या बेलचे सेल दर महिन्याला बदलणं हा शुद्ध अपव्यय आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले, “तुमच्या खिशातून जातात का?” विषय संपला.

आम्ही इथे नवीन राहायला आलो तेव्हाची गोष्ट. सोसायटीनं मला लगेच खजिनदार केलं, कारण मी लेखा विभागात नोकरीला आहे आणि नाही म्हणायला मला वेळ मिळाला नाही. पाण्याच्या टँकरची वर्गणी मागायला मी ठोसरांकडे गेलो आणि हाताशी आलेलं पहिलं बटण दाबलं. चिमणी ओरडली. दार उघडलं. बनियन, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात स्क्रू ड्रायव्हर.

“ही मालाची बेल आहे. आपण माल आहात का?”

“नाही, मी रामटेके. समोरच—”

“मग मधली दाबा.”

आणि दार बंद. माझ्या तोंडावर. मी मधली दाबली. घणघण झाली. तेच दार उघडलं, तोच माणूस, तेच बनियन, आणि तोंडभर हसून म्हणाला, “या या रामटेके! समोरचे ना तुम्ही? बसा. चहा घेणार का थोडा?”

चहा मी घेतला. राग अजून उतरलेला नाही.

ठोसर पूर्वी चिंचवडला, यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. बाजार खुला झाला, बाहेरची यंत्रं आली, आणि कारखान्यानं लोकांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले. “स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी,” असं ठोसर म्हणतात. मिळालेल्या पैशात त्यांनी शिवण्याला एक शेड भाड्यानं घेतली, एक जुना लेथ आणला आणि पुरणयंत्र बनवायला लागले. यंत्र उत्तम आहे, यात वाद नाही. हँडल फिरवताना भांडं जागचं हलत नाही, पुरण गरम असो वा गार. पुढे चकलीचा सोऱ्या काढला. तोही उत्तम. हात सोन्याचे आहेत माणसाचे. तोंडाचं काय करावं ते कळत नाही.

शनिवार पेठेतल्या भांड्यांच्या एका दुकानदारानं त्यांना डझनावारी मागणी दिली होती. ठोसर त्याला म्हणाले, “तुमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक माझ्या यंत्रासाठी आलं की तुमच्या कढईसाठी, हे मला कसं कळणार?” दुकानदार म्हणाला, “काय करायचंय कळून? पैसे मिळाल्याशी कारण.” ठोसरांनी नमुन्याचं यंत्र उचलून पिशवीत घातलं आणि परत आले. “सरमिसळ चालणार नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून किती वेळा म्हणतात हे मी मोजलेलं नाही, पण मोजायचा मोह होतो.

मग सगळ्यांची मुलं कॉम्प्युटरवर बसू लागली तेव्हा ठोसरही एका क्लासला गेले. कॉलेजातल्या पोरांच्या मधे बसून, मास्तरला प्रश्न विचारून विचारून रडकुंडीला आणून, ते वेबसाइट बनवायला शिकले. एक नाही, तीन बनवल्या. पुरणयंत्राची एक, सोऱ्याची दुसरी, आणि तिसरी मालूताईंची. मालूताई म्हणजे त्यांची बायको. त्या लोकरीची टोपडी आणि मोजे विणतात, तान्ह्या बाळांचे.

“एकाच साइटवर तिन्ही ठेवा की,” मी म्हणालो होतो.

“पुरणयंत्र विकणाऱ्यानं टोपडी विकू नयेत. सरमिसळ.”

दुकानं तीन, पण पैसे घ्यायची टोपली मात्र एक. ती टोपली ठोसरांची नाही, भाड्याची आहे. कुठल्याशा लांबच्या कंपनीनं ते सॉफ्टवेअर आपल्याकडेच ठेवलं आहे आणि दर महिन्याला भाडं घेऊन ती ते वापरायला देते. तिन्ही दुकानांतली विक्री त्या एका टोपलीत पडते, आणि कुठली विक्री कुठल्या दुकानातून आली याचा तक्ता समोर येतो. हा तक्ता हाती आला आणि ठोसर कामातून गेले. वेबसाइटला ते ‘दार’ म्हणायला लागले. गिऱ्हाईक आलं, यापेक्षा ते कुठल्या दारातून आलं याची त्यांना जास्त काळजी. आणि टोपलीच्या भानगडींत एक नियम त्यांनी स्वतः निवडून लावला होता, तो मला ते कौतुकानं सांगायचे. “गिऱ्हाईक पहिल्यांदा ज्या दारातून आलं, त्याच दाराचं. नंतर कुठेही फिरो, काहीही घेवो. टोपली लक्षात ठेवते.”

दाराच्या तीन बेल या तक्त्यानंतर लागल्या. घरालाही तक्त्याची शिस्त आली, एवढंच.

एकदा होळीला माझ्या बायकोला, सुनंदाला, पुरणयंत्र हवं होतं. मी समोर गेलो, मधलीच बेल दाबली, पैसे पुढे केले. ठोसर म्हणाले, “असं हातात नाही. दारातून या.” मी घरी येऊन कॉम्प्युटर लावला, त्यांच्या साइटवर गेलो, यंत्र मागवलं. समोरच्या घरात त्यांच्या कॉम्प्युटरवर लगेच टिंग झालं, ते मला माझ्या खुर्चीत ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला, चिमणी ओरडली, त्यानं समोरून खोकं उचललं, खाली नेलं, गाडीवर टाकलं, आणि अख्ख्या पुण्याची हवा खाऊन तेच खोकं त्याच्या पुढच्या दिवशी आमच्या दाराशी आणलं. चार पावलं. तोवर होळी होऊन गेली होती. सुनंदानं पुरण पाट्यावर वाटलं आणि वाटताना काय काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ठोसर फोनवर तर ऐकावेत. दार उघडं टाकून मोठ्यानं बोलतात. एकदा सांगलीच्या कोणी बाई होत्या.

“यंत्र मिळेल हो, बाई. कुठल्या दारातून आलात?… म्हणजे आमचा पत्ता कुठे पाहिलात?… नणंदेनं सांगितलं? नणंद ही वेबसाइट नाही, बाई. नणंदेनं कुठे पाहिलं?… विचारून सांगा. मी धरतो.”

त्या बाईंनी फोन ठेवला. नणंदेला फोन करून विचारण्यापेक्षा पुरण न केलेलं बरं, असा हिशेब त्यांनी केला असावा. मी त्यांच्या बाजूचा आहे.

मुलगा हैदराबादला आयटीत आहे, रविवारी फोन करतो. ठोसर फोन उचलून आधी विचारतात, “माझ्याकडे आहे की आईकडे?” तो बिचारा “दोघांकडे” म्हणाला की हे चिडतात. “एक काहीतरी सांग.”

आता तुम्ही म्हणाल, इतका राग आहे तर जाता कशाला. जातो, कारण महिनाअखेर ठोसर मला बोलावतात. टोपलीतला तक्ता आणि कुरिअरच्या पावत्या जुळतात का हे बघायला. “तुम्ही हिशेबातले. तुम्हाला चूक दिसते,” असं म्हणतात. आणि खरं सांगायचं तर जुळलेला आकडा बघायला मला आवडतं. ही खोड माझी आहे, त्यांची नाही.

मार्चअखेरच्या बैठकीत मी एक गोष्ट बोललो. तक्त्यात तीन रकाने. पहिला भरलेला, दुसरा बरा, तिसरा कोरा. फेब्रुवारीत कोरा, जानेवारीत कोरा, त्यामागे कित्येक महिने कोरा.

“काका, हे तिसरं दुकान बंद करा,” मी म्हणालो. “भाडं तीन दुकानांचं भरताय, विकतायत दोन. हल्ली मोठमोठ्या साइटवर यंत्रावर विणलेली टोपडी ढिगानं मिळतात. तुमच्याकडे कोण येणार?”

ठोसरांनी चष्मा काढला. आवाज खाली आणून म्हणाले, “हळू बोला.” आणि मग तितक्याच हळू, “उठा.”

“काय?”

“उठा म्हटलं. झालं तुमचं काम.”

पावत्या अर्ध्या तपासायच्या राहिल्या होत्या. अर्धवट जुळणी सोडून उठायला लावणं म्हणजे माझ्यासारख्या माणसाला जेवणावरून उठवणं. महिनाभर आम्ही लिफ्टमधे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलो. लिफ्ट लहान आहे, सोपं नव्हतं.

मे लागला आणि एका संध्याकाळी आमची बेल वाजली. आमची एकच आहे. दारात ठोसर, हातात छापलेला कागद, चेहरा लाल.

“वाचा. भाडं वेळेवर देणाऱ्या भाडेकरूची खोली मालक बंद करतोय. वाचा!”

कागद टोपलीवाल्या कंपनीचा होता. ज्या दुकानात वर्षभर एकही विक्री झालेली नाही, ते दुकान या महिनाअखेरीस आपोआप बंद केलं जाईल. तिसऱ्या दुकानाचं नाव खाली होतं.

“मी त्यांना लिहिलं,” ठोसर म्हणाले. “इंग्रजीत लिहिलं. दुप्पट भाडं घ्या म्हणालो. उत्तर काय? ‘आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ अहो, महत्त्वाचा आहे तर वाचा! पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मी म्हटलं, तुमच्यात माणूस आहे का कोणी? पुन्हा तेच! माणूस नाहीच आहे, रामटेके. टोपलीच उत्तर देते.”

“मग सोपं आहे,” मी म्हणालो. “एक टोपडं तुम्हीच विकत घ्या. एक विक्री झाली, प्रश्न मिटला.”

ठोसरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना बँक फोडायला सांगितली.

“तुम्ही? हिशेबातला माणूस हे म्हणतो?”

मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जास्तच राग आला. “बरं, मग पुरणयंत्राच्या साइटवर एक ओळ टाका. टोपडीही मिळतील, इथे जा. तुमच्याकडे रोज माणसं येतात. त्यांतलं एक तरी जाईल.”

“ते करता येत नाही.”

“का? अहो, येतं. मला माहितीये येतं.”

“मला परवानगी नाही,” ठोसर म्हणाले, आणि कागद घेऊन गेले.

ठोसरांना परवानगी न देणारं कोणी या जगात असेल, हे मला नवीन होतं. मी सुनंदाला विचारलं. ती असल्या बेलबिलच्या भानगडीत पडत नाही, “मालूताई” अशी हाक मारत सरळ आत जाते. ती म्हणाली, “तुम्ही तिकडे तक्ते बघत बसता ना, तेव्हा आतल्या खोलीत कोण असतं ते कधी बघितलंत का?”

बघितलं होतं. ओझरतं. मालूताई पूर्वी बालवाडीच्या बाई होत्या. वारज्यात शेतं होती तेव्हापासून. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर धरून खोलीतल्या खोलीत. सुरुवातीला बालवाडीतल्या बाया भेटायला यायच्या. मग कमी झाल्या, मग थांबल्या. आता खिडकीशी बसून विणतात. विणलेलं एका ट्रंकेत ठेवतात. ट्रंकेचं झाकण, सुनंदा म्हणाली, दाबून बसवावं लागतं.

त्या रविवारी दुपारी मी ठरवलं. मला खोटा आकडा आवडत नाही, पण हा खोटा कसा? मी माणूस खरा, पैसे खरे, टोपडं खरं. मी तिसऱ्या दुकानात गेलो. पिवळं टोपडं निवडलं. फॉर्ममधे एक चौकट होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिली नव्हती, ‘बाळाचं नाव’. रिकामी सोडली तर पुढे जाता येईना. खोटं नाव लिहायला हात होईना. आमच्या नात्यात लहान म्हणावं असं एकच नाव आठवलं, माझ्या नागपूरच्या भाचीची मुलगी. लिहिलं, ‘श्रावस्ती’. पत्ता तिचाच दिला. बटण दाबलं. समोर टिंग झालं.

संध्याकाळी आमची बेल वाजली. ठोसर आत आले आणि न सांगता बसले.

“श्रावस्ती कोण?”

“माझ्या भाचीची मुलगी.”

“राहते कुठे?”

“नागपूरला.”

“नागपूरला,” ठोसर म्हणाले. “मे महिन्यात. लोकरीचं टोपडं.”

मी उठून पंखा वाढवला.

“किती महिन्यांची आहे?”

इतर काही विचारलं असतं तर मी निभावून नेलं असतं. आकड्यात मला खोटं बोलता येत नाही.

“बहात्तर,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरात सुनंदाच्या हातून झारा पडला. ती हसते आहे हे भिंतीलाही कळत होतं.

“बहात्तर महिन्यांचं बाळ,” ठोसर म्हणाले. “आणि वर आलं कुठून? पहिल्या दारातून!”

“शक्य नाही. मी तिसऱ्याच साइटवर गेलो होतो.”

“होळीला पुरणयंत्र कोणी घेतलं? याच कॉम्प्युटरवरून? टोपलीनं लक्षात ठेवलं. रामटेके पहिल्या दाराचे. टोपडं विकलं गेलं पुरणयंत्राच्या नावावर. तिसरा रकाना कोराच!”

आता मात्र माझं डोकं फिरलं. “अहो, मग नियम कोणाचा? तुमचाच ना? पहिलं दार कायमचं, हे लावलं कोणी? काढा तो नियम. नाहीतर ती एक नोंद हातानं इकडची तिकडे करा. आहे काय त्यात? तुमच्या या दारांपायी सांगलीची बाई गेली, शनिवार पेठेचा दुकानदार गेला, माझी होळी गेली! तुम्हाला माणूस नकोच आहे, काका. तुम्हाला रकाना हवा आहे!”

इतकं मी त्यांना कधीच बोललो नव्हतो. मला वाटलं, आता उठतील आणि जातील. ते उठले नाहीत.

“ओळ टाकली होती मी,” ते म्हणाले. “पुरणयंत्राच्या साइटवर. पहिल्या वर्षी. ‘टोपडीही मिळतील.’ काय खप झाला! ती दिवसभर विणायची. आणि तिची ती बालवाडीची सवय, प्रत्येकीला फोन करायची. बाळाचं नाव काय ठेवलं, बारसं कधी, टोपडं बसलं का. एकदा असाच फोन केला. त्या बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे बाळ नाही हो आजी. यंत्र घ्यायला फोन केला होता, तुमच्या मिस्टरांनी इतका आग्रह केला, म्हणून घेतलं टोपडं. पडलंय कपाटात.’”

सुनंदा दारात येऊन उभी राहिली होती.

“सुया खाली ठेवल्या तिनं. मला म्हणाली, ‘अहो, तुमच्या गिऱ्हाइकांची दया मला नको. तुमच्या दारातून आलेलं तुमचं. माझ्या दारी आलं तरच माझं.’ ओळ काढली मी. नियम लावला. तुम्ही म्हणता माझा नियम, तो तिचा आहे. आणि फोनवर मी ओरडून विचारतो ना लोकांना, कुठल्या दारातून, कुठल्या दारातून? मला काय छंद आहे? ती आत ऐकत असते. रोज संध्याकाळी विचारते, ‘आज माझं काही?’ मी ‘नाही’ म्हणतो. इतके दिवस ‘नाही’ म्हणतोय, रामटेके. एकदा जरी खोटं ‘हो’ म्हटलं, तर मग माझ्या खऱ्या ‘हो’ला काय किंमत राहील?”

ठोसर उठले, दाराशी जाऊन वळले.

“तुमचे पैसे परत टाकलेत. तपासून घ्या,” असं म्हणाले आणि गेले.

मी तपासले. बरोबर होते.

महिना संपला. कुठूनही कोणी आलं नाही. कंपनीनं सांगितल्याप्रमाणे दुकान बंद केलं. एक तारखेला मी स्वतःहून गेलो, अर्धवट राहिलेल्या पावत्या तपासायला. तक्त्यात दोनच रकाने होते. सगळं पैशापर्यंत जुळलं, आणि जुळल्याचा मला यत्किंचितही आनंद झाला नाही. ठोसर एकदाही ‘सरमिसळ’ म्हणाले नाहीत. मालूताईंनी आतून काही विचारलं नाही. त्याच सकाळी पॅसेजमधे चिमणी ओरडली होती, घणघण झाली होती, आणि टिंग-टाँगही झालं होतं. दुकान गेलं तरी ठोसरांनी तिसऱ्या बेलचा सेल बदलला होता.

जूनमधे शाळा सुरू होण्याआधी भाची आठवडाभर आली, श्रावस्तीला घेऊन. बहात्तर महिन्यांच्या बाळाची गोष्ट सुनंदानं केव्हाच नागपूरला पोचवली होती आणि घराघरांत त्यावर हसून झालं होतं. श्रावस्ती मात्र हसली नव्हती. चप्पल काढायच्या आत माझ्यासमोर उभी राहिली.

“मामाआजोबा, माझं टोपडं कुठंय?”

“अगं, ते रद्द झालं.”

“का? माझ्या नावानं मागवलं होतं ना तुम्ही?”

“ते तान्ह्या बाळांचं असतं. तुला बसणार नाही.”

“मला नकोच आहे,” ती चिडून म्हणाली आणि काखेतली बाहुली पुढे केली. बाहुलीच्या डोक्यावरचे केस अर्धे गेले होते. “हिला हवंय. कुठे मिळतात?”

मी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. ती निघाली. मी मागोमाग गेलो, कारण ठोसर तिला ‘आपण माल आहात का’ म्हणणार आणि ती रडणार, याची मला खात्री होती. तीन बटणं पाहून ती थांबली.

“यातली कुठली?”

“टोपड्यांची शेवटची.”

तिचा हात पुरत नव्हता. टाचा उंच करून, बाहुली दातांत धरून तिनं बटण दाबलं.

टिंग-टाँग.

आत काहीतरी धातूचं जमिनीवर पडलं. मग ठोसरांचा आवाज, नेहमीसारखा तापलेला, “कोण आहे? चुकीची बेल दाबलीत! मालाची डावीकडे आहे, मधली—”

आणि त्याच्याही आतून, सावकाश, बालवाडी शांत करणाऱ्या बाईंचा आवाज आला. “अहो, ओरडू नका. चुकीची नाही. माझीच वाजली. दार उघडा.”

दार उघडलं. ठोसरांनी आधी खाली पाहिलं, मग बाहुलीकडे, मग माझ्याकडे. श्रावस्ती त्यांच्या हाताखालून आत निघून गेलीसुद्धा. ठोसर पॅसेजमधे आले आणि दार मागे ओढून घेतलं, बोटभर फट ठेवून.

“तुम्ही पाठवलंत?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“नाही. तिनंच विचारलं, कुठे मिळतात.”

“बेल?”

“शेवटची, एवढं मी सांगितलं.”

त्यांनी जरा विचार केला. “एवढं चालेल,” म्हणाले.

फटीतून ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. “बाळाचं नाव काय गं?” मालूताई विचारत होत्या. “आणि असं टक्कल का पडलं हिला? बस इथे, मापाचं बघू.”

मी आत जायला पाऊल उचललं. ठोसरांनी हात आडवा घातला.

“कुठे निघालात? ते गिऱ्हाईक तिचं आहे. सरमिसळ नको.”

मग आम्ही दोघं पॅसेजमधेच उभे राहिलो, त्यांच्याच घराबाहेर, ते बनियनवर आणि मी अनवाणी. आतलं गिऱ्हाईक फार चिकित्सक निघालं, एकही रंग त्याला पसंत पडेना. माझे पाय दुखायला लागले. पण बसायला कुठे आहे, असं मी त्यांना विचारलं नाही.